चहा सोडला आणि जीभ सुटली: उपवासकाळात काय सोडावं याविषयी

एका वर्षी उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, मी चहा सोडला होता. राखेच्या बुधवारी, म्हणजे या काळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख घेऊन चर्चमधून बाहेर पडले, तेव्हा पाय जमिनीला लागत नव्हते. गुरुवारी दुपारी ऑफिसात डोकं ठणकायला लागलं. शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाच्या वाटेला (येशूच्या दुःखसहनाची एकेका स्थानाशी थांबून करायची प्रार्थना) निघायच्या घाईत मुलीवर ओरडले, कारण तिने ओला टॉवेल खुर्चीवर टाकला होता. नवऱ्याला ऐकवलं, की या घरात राबणारी मी एकटीच. मग सासूबाई काही न बोलता स्वयंपाकघरात गेल्या, आल्याचा चहा करून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "पी गं बाई. चहा तू सोडलायस आणि प्रायश्चित्त आम्ही करतोय."

अडीच दिवस. तेवढाच टिकला माझा त्याग.

मी वसईतल्या निर्मळला राहते, मुंबईत एका खासगी कंपनीत हिशेब बघते आणि रविवारी मिस्सानंतर नववीच्या मुलांना धर्मशिक्षण शिकवते. दर वर्षी फेब्रुवारी जवळ आला, की वर्गात ठरलेला प्रश्न येतो: "टीचर, या वर्षी काय सोडू?" मुलं मनातल्या मनात यादी घेऊनच आलेली असतात. चॉकलेट, चिकन, कोल्ड्रिंक, मोबाइलवरचा गेम. मोठ्यांची यादी फार वेगळी नसते. चॉकलेटच्या जागी चहा आणि कोल्ड्रिंकच्या जागी काय ते सांगायला नको.

मी मुलांना उलट विचारते, "उपवास आपण आधी काय करतो? धरतो की सोडतो?" धरतो. उपवास धरायचा असतो, सोडायचा तो शेवटी, जेवायला बसताना. आपली भाषाच असं सांगते आणि आपण मात्र पहिल्या दिवसापासून फक्त सोडण्याच्या मागे लागतो. चहा सोडल्यावर माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि रिकाम्या हातात मग राग आला.

खाली जे लिहितेय ते वर्गात शिकवता शिकवता आणि स्वतः चुकता चुकता जमलेलं आहे. मी धर्मगुरू नाही, की धर्मशास्त्राची पदवीधरही नाही.

आधी नियम काय आहे ते बघू

बऱ्याच जणांचा घोळ इथेच होतो. चर्चने सगळ्यांना सांगितलेलं वेगळं आणि आपण आपल्या मनाने निवडलेलं वेगळं.

कॅथलिकांसाठी उपवासाचे बंधनकारक दिवस दोनच: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. वय वर्षं १८ पूर्ण झालेल्यांपासून ५९ पूर्ण होईपर्यंत. या दोन दिवशी एक पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडंसं खाणं चालतं. ते दोन्ही मिळूनसुद्धा एका जेवणाइतकं होऊ नये. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षांपासून पुढे लागू होतो. तो या दोन दिवसांना आणि उपवासकाळातल्या शुक्रवारांना आहे. आजारी, गरोदर, अंगावर पाजणारी बाई, अंगमेहनतीचं काम करणारा माणूस यांनी उपाशी राहून जीव धोक्यात घालावा, असं चर्च कधीच म्हणत नाही. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. तिथे डॉक्टरांचं ऐकायचं. आमच्या वाडीतल्या एक आजी "देव बघून घेईल" म्हणून उपाशी राहिल्या आणि क्रुसाच्या वाटेच्या सातव्या स्थानाशी खाली बसल्या. त्या स्थानाला येशू दुसऱ्यांदा पडतो. आजी नंतर स्वतःच हे हसून सांगायच्या, पण त्या दिवशी आम्ही सगळे घाबरलो होतो.

दिवस मोजायचे तर २०२७ चं बघा. राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला, ईस्टर २८ मार्चला. बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत दिवस भरतात ४६. त्यातले सहा रविवार काढले की चाळीस उरतात, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपवास नसतो. म्हणून वर्गात दर वर्षी कोणीतरी वकील उभा राहतो, "मग रविवारी चॉकलेट चालेल ना, टीचर?" चालेल. खाण्याचा त्याग असेल तर रविवारी खुशाल खा. सवयीचा त्याग असेल, म्हणजे मोबाइल, टीव्ही, ऑनलाइन खरेदी, तर मी म्हणते रविवारीही सैल सोडू नका. सोमवारी पुन्हा पहिल्यापासून लढाई करावी लागते. हे माझं मत आहे, नियम नव्हे.

२०२७ मध्ये आणखी एक गंमत आहे. १९ मार्च हा संत योसेफाचा सण शुक्रवारी येतोय. एवढा मोठा सण शुक्रवारी आला, की मांसत्यागाचा नियम त्या दिवसापुरता उठतो. आमच्या घरी हे कळल्यावर नवऱ्याने कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला आहे.

आता शुक्रवारच्या माशांबद्दल. मांस नाही, मासे चालतात. नियम एवढंच सांगतो. त्यामुळे आमच्या वसईत काही घरांत शुक्रवारी कोंबडी नाही म्हणून भरलेलं पापलेट असतं, सोबत कोळंबीचं कालवण. मटणाच्या दुप्पट पैसे कोळणीच्या पाटीत जातात. नियम तंतोतंत पाळला गेला. याला आपल्याकडे फार जुनी म्हण आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाण्याच्या खिचडीवर हसण्याचा आम्हाला तरी हक्क नाही.

हात कुठे जातो ते बघा

त्याग निवडायचा तर तो बसल्या जागी आठवून निवडू नका. आठवलेल्या गोष्टी नेहमी सभ्य असतात. त्याऐवजी राखेच्या बुधवारच्या आधीचा एक आठवडा स्वतःवर पाळत ठेवा. कंटाळा आला, राग आला, एकटं वाटलं, की हात कुठे जातो, एवढंच टिपायचं. मी मुलांना वहीचं अर्धं पान देते. नाव लिहायचं नाही, मला दाखवायचं नाही.

माझ्या एका वर्षीच्या अर्ध्या पानावर हे होतं: सकाळी डोळे उघडायच्या आधी मोबाइल. लोकलमध्ये खिडकीची जागा. ऑफिसात साडेअकराला वडापाव, भूक नसताना. जाऊबाईंच्या स्वयंपाकाविषयी बोलणं. रात्री सेल बघणं, घ्यायचं काही नसताना. आणि वादात शेवटचं वाक्य माझं असायला हवं.

चहा त्या पानावर नव्हताच. मला चहा आवडतो, पण चहाने मला धरलेलं नाही. मी ज्या वर्षी चहा सोडला त्या वर्षी फक्त डोकेदुखी विकत घेतली होती. (तरीही कोणाला चहा-कॉफीच सोडायची असेल, तर आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करत जा. एकदम बंद केला, की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं. यात पुण्य काही नाही, ते नुसतं कॅफीन आहे.)

पान भरलं की त्यातून एक गोष्ट आधी बाजूला काढायची: जे मुळातच चुकीचं आहे ते. जाऊबाईंची चहाडी हा माझा त्याग होऊ शकत नाही. ती कायमचीच थांबवायची गोष्ट आहे; तिच्यासाठी पापनिवेदन आहे, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करणं. चाळीस दिवस बायकोवर हात न उगारणं, चाळीस दिवस बिलात खोटं न लिहिणं, याला त्याग म्हणत नाहीत. त्याग चांगल्या किंवा निदान निरुपद्रवी गोष्टीचा असतो. खिडकी चांगली असते, वडापाव चांगला असतो. म्हणून तर सोडताना काहीतरी वाटतं.

दारूचं मात्र सरळ सांगते, कारण आमच्याकडे हा विषय हसण्यावारी नेतात. फेब्रुवारीत लग्नांची घाई उडालेली असते, कारण पुढे उपवासकाळात लग्नं होत नाहीत. त्या लग्नांत भरपूर होते, मग चाळीस दिवस बाटलीला शिवायचं नाही, आणि ईस्टरच्या दुपारी सगळी थकबाकी वसूल. अधूनमधून पिणाऱ्याने असं केलं तर ते त्याचं त्याने बघावं. पण जो रोज भरपूर पितो, त्याने नवसाच्या जोरावर एका दिवसात बंद करू नये. हात थरथरणं, झटके येणं, भ्रम होणं, इथपर्यंत गोष्ट जाऊ शकते. तिथे पहिला त्याग म्हणजे संकोच सोडून डॉक्टरकडे जाणं, आणि मग दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाच्या बैठकीला जाऊन बसणं. घरच्यांनीही "बघ, चाळीस दिवस राहिला की नाही, म्हणजे त्याला व्यसन नाही" असा निष्कर्ष काढू नये. मी असा निष्कर्ष एका जवळच्या माणसाबद्दल काढला होता आणि तो आम्हाला महागात पडला.

मोकळी जागा कोणाला मिळते?

राखेच्या बुधवारी चर्चमध्ये बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. दान, प्रार्थना, उपवास, तिन्ही गुपचूप करा. उपवास धरलात तर डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. त्यानंतरच्या शुक्रवारी यशया या संदेष्ट्याचा ५८ वा अध्याय येतो. मला तो पहिल्यांदा नीट ऐकू आला तो चहाच्या त्या वर्षी. संदेष्टा लोकांना म्हणतो, तुम्ही उपवास करता आणि भांडता, उपवास करता आणि तुमच्या कामकऱ्यांना राबवून घेता. मग पुढे सांगतो खरा उपवास कोणता: भुकेल्याला तुझ्या भाकरीतली दे, बेघराला घरात घे, स्वतःच्या रक्तामांसाच्या माणसापासून तोंड लपवू नकोस. ऐकताना सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ही त्यांची मोठी मेहेरबानी.

तेव्हापासून निवडीची माझी मुख्य कसोटी एकच आहे. मी जे सोडतेय, त्याची मोकळी झालेली जागा कोणाला मिळते? वेळ मोकळा झाला तर तो कोणाला? पैसे वाचले तर ते कोणाला? उत्तर "मला" असेल, म्हणजे वजन कमी होईल, त्वचा उजळेल, अभ्यास होईल, तर ते करा जरूर, पण त्याला पथ्य म्हणा. उपवासकाळात भात सोडून ईस्टरला नवीन साडीच्या ब्लाउजमध्ये बसणं हे मीही केलेलं आहे.

दुसरी कसोटी हिच्याच उलट बाजूची. माझ्या त्यागाचा भार कोणावर पडतो? घरातल्या पुरुषाने जाहीर करायचं, मी चाळीस दिवस शाकाहारी. आणि बायकोने रोज दोन भाज्या जास्तीच्या करायच्या. त्याग कोणाचा झाला? असं ठरवायचंच असेल, तर भाजी निवडणं आणि चिरणं त्याच वाक्यात ठरवून टाका.

पैशांचं गणित मी हिशेबातली असल्यामुळे मांडतेच. साडेअकराचा वडापाव आणि कटिंग, धरा ३५ रुपये. उपवासकाळात माझे ऑफिसचे दिवस साधारण ३०. म्हणजे १,०५० रुपये. हे पैसे डोक्यात वाचत नाहीत, खात्यात तर अजिबात वाचत नाहीत; महिनाअखेरीला कुठे गेले ते कळत नाही. म्हणून रोज संध्याकाळी घरी आल्यावर नोटा डब्यात. आमच्याकडे बोर्नव्हिटाचा जुना डबा आहे, झाकण जरा वाकडं. डबा कोणाचा हे राखेच्या बुधवारच्या आधी ठरलेलं पाहिजे. "गरिबांसाठी" असं मोघम ठरवलं, की पवित्र आठवड्यात गॅस संपतो आणि डबा उघडतो. एका वर्षी वाडीत कामाला येणाऱ्या बाईच्या मुलीची परीक्षेची फी होती. एका वर्षी धर्मग्रामातल्या (आमच्या चर्चच्या हद्दीतल्या) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे दिले; ही मंडळी घरोघरी जाऊन अडलेल्यांना मदत करतात, १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेलं काम आहे आणि पुष्कळ धर्मग्रामांत चालतं. कोणाला दिले ते देणाऱ्याने बोलायचं नाही. मी इथे बोलले, ते शिकवण्यापुरतं, आणि तरी थोडं चुकलंच.

एका वाक्यात बसवा

निवड झाली, की ती एका वाक्यात लिहा. वाक्यात वेळ, जागा आणि माप हवं. "मोबाइल कमी करणार" हे वाक्य दुसऱ्या दिवशी मरतं. "रात्री साडेनऊला मोबाइल ओट्याजवळच्या चार्जरला लावीन आणि सकाळी प्रार्थना झाल्यावर हातात घेईन" हे जगतं, कारण साडेनऊ वाजले की नाही, यावर वाद घालता येत नाही. आणि त्याच वाक्यात धरायचं काय तेही जोडा. साडेनऊ ते साडेदहा मी सासूबाईंच्या खोलीत बसेन. रोझरीच (जपमाळेची प्रार्थना) म्हणायची असं नाही. त्यांना पाय चेपून हवे असतात आणि १९७० च्या आसपासच्या वसईतल्या केळीच्या बागांच्या गोष्टी सांगायच्या असतात, कोणाची राजेळी किती गोड आणि सुकेळी वाळत घालताना कावळे कसे यायचे.

हे वाक्य लिहिण्याचा दिवसही मी ठरवून ठेवलाय. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेली झावळी घरोघरी वेदीमागे किंवा क्रुसामागे खोचलेली असते. राख तिचीच होते; उपवासकाळाच्या आधी वाळलेल्या झावळ्या चर्चमध्ये नेऊन द्यायच्या असतात. झावळी काढायला स्टुलावर चढलात, की त्याच दिवशी वाक्य लिहा. आमच्या घरी झावळी काढताना दर वर्षी एक पाल निघते, त्यामुळे तो दिवस विसरणं शक्य नाही.

खिडकीचं वर्ष

सगळ्यात जास्त शिकवून गेलेला त्याग सांगते. त्या वर्षी मी गाडीतली जागा सोडली.

विरार लोकलने जाणाऱ्या बायकांना सांगायला नको. नालासोपाऱ्याहून सकाळी खिडकी मिळणं अशक्य, म्हणून मी आधी उलटी विरारला जाते, तिथून तीच गाडी चर्चगेटला परत फिरते, आणि अशी अर्धा तास खर्चून कमावलेली खिडकी माझी असते. ती जागा बोरिवली आली की उठून उभ्या असलेल्या बाईला द्यायची, असं मी ठरवलं. वाक्य पक्कं होतं: सोमवार ते शुक्रवार, बोरिवलीला, कोणी मागायच्या आधी.

पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात गुडघे बोलायला लागले. तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी मी दहिसरलाच डोळे मिटले आणि झोपेचं सोंग घेतलं. अंधेरीपर्यंत ते सोंग छान वठवलं. अंधेरीला डोळे किलकिले करून बघितलं, तर समोर ओढणी खांद्यावर घट्ट पिन केलेली, रात्रपाळीवरून निघालेली असावी अशी एक बाई दांडीला धरून उभ्या उभ्या पेंगत होती. तिची झोप खरी होती.

दुसऱ्या दिवशी तीच होती. मी बोरिवलीला उठले. ती केरळची, नर्स. बसल्यावर म्हणाली, तुम्ही रोज उठता, मी बघते. मंगळवारचंही तिने बघितलं असणार, पण बोलली नाही. मग महिनाभर आम्ही बोलत राहिलो. ती सिरो-मलबार या केरळातल्या कॅथलिक पंथाची. त्यांच्याकडे राख बुधवारी लावतच नाहीत, दोन दिवस आधी सोमवारी लावतात. त्यांच्या उपवासाला ते अंपतु नोंबु म्हणतात, पन्नास दिवसांचा. तिच्या आईच्या घरी मांस, मासे, अंडी, दूध, सगळं बंद, रविवारीसुद्धा. मी तिला आमच्या शुक्रवारच्या पापलेटाबद्दल सांगितलं नाही. आपल्या रोमन पद्धतीतही पूर्वी अंडी आणि दूध वर्ज्य असायचं. चाळीस दिवस साठलेली अंडी ईस्टरला रंगवून वाटायची, त्यातून ईस्टरचं अंडं मोठं झालं. हे मी वर्गात नेहमी शिकवायचे, पण कोणाच्या तरी घरात ते अजून चालू आहे हे मला गाडीत कळलं.

ईस्टरनंतरच्या सोमवारी मी बोरिवलीला उठले नाही. उठायचं होतं. सवय लागली म्हणून उठले असते तर बरं वाटलं असतं, पण नाही उठले. हेही सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी सुधारले.

मुलं, म्हाताऱ्या आणि ज्यांच्या ताटात आधीच कमी आहे

२०२४ मध्ये राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला आला होता, व्हॅलेंटाइन डेला. चॉकलेट सोडलेल्या माझ्या वर्गाची त्या दिवशी कठीण परीक्षा झाली. एक मुलगी पुढच्या रविवारी येऊन म्हणाली, टीचर, मला एक कॅडबरी मिळाली, मी ती ईस्टरपर्यंत फ्रिजमध्ये ठेवलीय, पण रोज दार उघडून बघते. मी म्हटलं, हाच उपवास. कोणी दिली ते मी विचारलं नाही.

मुलांना मोठ्यांनी त्याग निवडून देऊ नये. "तू गेम सोड" ही शिक्षा होते, आणि शिक्षेला देवाचं नाव चिकटलं की मूल दोघांपासून लांब पळतं. मुलांचा त्याग छोटा आणि दिसणारा असावा. माझ्या वर्गातल्या एकाने शनिवारच्या क्रिकेटमधली पहिली बॅटिंग सोडली होती. दर शनिवारी शेवटी बॅटिंग. मला ही निवड फादरांच्या प्रवचनापेक्षा आवडली, आणि हे मी फादरांनाही सांगितलं.

म्हाताऱ्या माणसांकडे सोडायला फार काही उरलेलं नसतं. दात, मीठ, साखर आधीच गेलेलं असतं. सासूबाईंनी एका वर्षी ठरवलं, की मी केलेल्या कालवणाला शुक्रवारी नावं ठेवायची नाहीत. सहा शुक्रवार. चौथ्या शुक्रवारी कालवणात मीठच नव्हतं. त्या जेवल्या. उठताना म्हणाल्या, "आज पाणी फारसं प्यावं लागणार नाही, तहान लागेल असं कालवणात काही नव्हतं." एवढं मी सोडून दिलं.

आणि ज्यांचं पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्यांना खाणं सोडायला सांगू नये. त्यांचा उपवास वर्षभर चालू असतो, त्याला कोणी राख लावत नाही. बाकीच्यांनी डबा भरायचा तो त्यांच्यासाठी.

मोडला तर

मोडणार. वर सांगितलेला माझा मंगळवार लक्षात ठेवा. मोडल्यावर दोन चुका होतात. एक, आता मोडलाच आहे तर राहू दे. दुसरी, उद्या दुप्पट करीन. दुसरी जास्त फसवी आहे, कारण दुप्पट तर होतच नाही आणि अपराधीपणा मात्र व्याजासकट वाढतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी, तेवढंच करायचं.

कोणाच्या घरी गेलात आणि त्यांनी प्रेमाने पुढे काही ठेवलं, तर खा. वाळवंटातले जुने संन्यासीसुद्धा पाहुणा आला की उपवास बाजूला ठेवून त्याच्याबरोबर जेवायचे. उपवास उद्याही करता येतो, पाहुणा उद्या नसतो, असा त्यांचा हिशेब. "मी त्याग केलाय" हे सांगून यजमानीण ओशाळी होत असेल, तर गुपचूप राहण्याची अटही मोडते आणि तिचा चेहराही पडतो. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण गुरुवार धरते आणि समोरच्या टेबलावरचा सहकारी रमजानचे रोजे धरतो. ही दोघं दिवसभर त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. माझं मात्र चहा सोडल्याच्या वर्षी गुरुवारी दुपारपर्यंत सहा जणांना सांगून झालं होतं.

या वर्षी अर्ध्या पानावरचं शेवटचं वाक्य घेणार आहे मी. वादात शेवटचा शब्द माझा नसेल. वाक्य असं लिहिलंय: "घरात बोलाचाली झाली, की समोरच्याचं बोलणं संपल्यावर मी बरं म्हणेन आणि हातातलं काम पुढे करीन." यात पैसे वाचत नाहीत. मोकळी जागा सरळ समोरच्याला मिळते.

मागच्या आठवड्यात सराव करून बघितला. सिलिंडर कोणी नोंदवायचा यावरून सुरू झालं. नवरा म्हणाला, "दर वेळी मीच लक्षात ठेवायचं का?" माझ्याकडे उत्तर तयार होतं, गेल्या वर्षीच्या दोन तारखांसकट. मी "बरं" म्हटलं आणि लसूण सोलत राहिले. तो दारातच उभा राहिला. थोडा वेळ वाट बघितली. मग जवळ आला, कपाळाला हात लावून बघितला आणि विचारलं, "ताप आहे का गं तुला?"